भिंतीपलीकडचा लेफ्ट विंगर

मिस्टर हेब्डनना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. लीड्सच्या बाहेरच्या त्या छोट्या गावात एकाला एक चिकटलेल्या घरांची आमची रांग होती, त्यातलं शेवटचं घर त्यांचं आणि त्याला टेकून आमचं. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कुणी चमचा खाली ठेवला तर इकडे आई म्हणायची, "झाला वाटतं त्यांचा चहा." सकाळी त्यांचा जिना वाजायचा. धप्प. मग काहीच नाही. मग सर्रर्र, टक्. पुन्हा धप्प. मधलं ते 'काहीच नाही' मला फार आवडायचं, कारण तेवढ्यात माणूस पडला की काय असं वाटायचं आणि तो कधीच पडायचा नाही. विट्याच्या शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या खाकरण्यापासून पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. त्यामुळे नव्या देशात आल्यावर बाकीची पोरं आधी भाषा शिकतात, मी आधी शेजारचा जिना शिकलो. आई चपात्या लाटत असली की मी आमच्या जिन्यावरून हुबेहूब तसा उतरायचो, आणि ती लाटणं हातात घेऊन बाहेर यायची. "अगंबाई, शेजारचे आत कसे आले?" मग मला बघून तेच लाटणं.

बाबा आधी आले होते, मग आई, आणि नववी होईपर्यंत मी विट्याला मामाकडे होतो. बाबा गावाजवळच्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात डॉक्टर. आमच्या गावात रग्बी म्हणजे तेरा-तेरा जणांची, रग्बी लीग. दुसऱ्या कुठल्या रग्बीचं नाव काढलं तर माणसं अशी बघायची की जसं आपण त्यांच्या आईबद्दल काही बोललो. शनिवारी दुपारी मॅच आणि संध्याकाळी अर्धी टीम बाबांच्या वॉर्डात, असं बाबांचं म्हणणं होतं. ते घरी यायचे, कोट काढायचे आणि जेवताना आम्हाला कुणाचा खांदा कुठे गेला ते सांगायचे. आईला आमटी वाढता वाढता थांबावं लागायचं. "वसंता, तू क्रिकेट खेळ," ते म्हणायचे. "फार तर बोट मोडेल."

हेब्डनसाहेबांची ओळख झाली ती अळूवडीमुळे. आमच्या मागच्या अंगणात आधीच्या भाडेकरूने लावलेलं काहीतरी वसंत ऋतूत उगवून आलं. लालसर देठ, आणि वर ही एवढी मोठाली पानं. आईचा चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलेलो नाही. "अळू!" ती ओरडली. "अरे, या लोकांच्याकडे अळू!" तिने पानं कापून घेतली, देठ कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि अंगणातल्या पायरीवर बसून पानांना बेसन फासायला घेतलं. चिंच, गूळ, तिखट, सगळं. गुंडाळ्या करून झाल्या आणि भिंतीपलीकडून एकदम धप्प, सर्रर्र, टक्, धप्प, सर्रर्र, टक् असा आवाज नेहमीच्या दुप्पट वेगाने यायला लागला. बुटकी भिंत ओलांडून एक पिळदार, टकला म्हातारा नुसत्या बनियनवर आमच्या अंगणात उतरला आणि त्याने आईच्या हातातली गुंडाळी हिसकावून घेतली.

आता त्यांचं बोलणं कसं लिहायचं हा प्रश्नच आहे. यॉर्कशरची ती इंग्लिश पुस्तकी मराठीत घातली तर ते मला दारात उभं करणार नाहीत. माझ्या कानाला ती पहिल्या दिवसापासून आमच्या विट्याच्या बोलीसारखीच वाटली, तोच हेल, तोच खडखडाट, तीच माया. म्हणून तशीच लिहितो.

"बाई, पानं खाऊ नगा! विष हाय त्यात! देठ खात्यात, देठ!"

आई मला म्हणाली, "काय म्हणतायत हे?"

मी म्हटलं, "अळू नाहीये. रुबार्ब आहे. आपण सगळे मेलो असतो म्हणतायत."

आईने बेसनाचे हात पुसले. मग उठली, डब्यातले देठ काढले, धुतले, चिरले, मोहरी-मेथीची फोडणी देऊन गूळ घालून त्याची आंबटगोड चटणी केली आणि वाटी भरून भिंतीवरून पलीकडे दिली. म्हणाली, "यांना सांग, जीव वाचवलात, आता जेवल्याशिवाय सोडणार नाही." त्या दिवसापासून ते आईचे हेब्डनभाऊ. ती चटणी ते पोर्क पायला, म्हणजे डुकराच्या मांसाच्या त्यांच्या गार कचोरीला, लावून खायचे. बाबांना ते बघवायचं नाही.

शाळेत माझा रग्बीशी पहिला संबंध आला तो प्रसंग सांगायलाच हवा. पीईच्या सरांनी माझ्या हातात बॉल दिला आणि म्हणाले, पळ. समोरून एक लाल केसांचा दांडगा मुलगा आला. मी श्वास रोखला, झुकांडी दिली, त्याच्या खांद्याला हात लावला, आणि वळून जीव खाऊन आपल्या लाइनकडे परत आलो. लाइन ओलांडली आणि छाती काढून उभा राहिलो. मैदानात सगळे पुतळे झाले होते. "सर, तो आउट आहे," मी सांगितलं. "मी टच केलाय त्याला." कबड्डी या खेळाबद्दल सरांना काही माहीत नव्हतं, पण ते एवढंच म्हणाले की उलटा का होईना, पोरगा पळतो बरा. आणि त्यांनी मला लेफ्ट विंगला टाकलं, मैदानाच्या अगदी डाव्या कडेला, जिथे बॉल क्वचित येतो आणि थंडी आधी येते.

पण मला तो खेळ आवडला, म्हणजे इतका की रात्री अंथरुणात पाय हलायचे. माणूस अंगावर आला की त्याचा घोटा धरून लोंबकळायचं हे मामाने मला विट्यातच शिकवलं होतं. पडलो की उठायचं, बॉल पायाने मागे सरकवायचा, पुन्हा सुरू. बॉल समोरच्यांच्या लाइनपलीकडे टेकवला की पॉइंट, पण सहा वेळा धरलं गेलं की बॉल दुसऱ्यांचा. अडचण एकच. शाळेत मी सगळ्यांना हवा होतो तो नकला करायला. "कर ना व्हिन्स, हेडमास्तर कर. कॅन्टीनवाली कर." वसंतचं त्यांनी व्हिन्स करून टाकलं होतं. मैदानात मात्र त्याच पोरांना मी दिसायचो नाही. डाव्या कडेला हात वर करून मी उभा आणि बॉल उजवीकडे. लोक हसले की बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही, आजही मला घरात कुणी हसलं नाही तर जेवण जात नाही. पण एकदा तरी कुणी बॉल माझ्याकडे टाकावा, मजा म्हणून नव्हे, जिंकायचंय म्हणून, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं.

तर गावच्या क्लबच्या ज्युनिअर टीमची ट्रायल मॅच होती आणि सरांनी माझं नाव दिलं. घरी आई चटणी वाढत असताना मी ते हळूच सांगितलं. बाबांनी चमचा ठेवला. पलीकडे हेब्डनभाऊंना नक्की ऐकू गेला असेल.

"एक ट्रायल," बाबा म्हणाले. "एकच. घेतलं तर घेतलं, मी शब्द मोडणार नाही. नाही घेतलं तर या घरात त्या खेळाचं नाव निघणार नाही. कबूल?"

"कबूल."

"आणि मी येणार. बॅग घेऊन."

वातावरण फार जड झालं म्हणून मी उठलो आणि माझा हुकमी एक्का काढला, हेब्डनभाऊ भिंत ओलांडून येताना. धप्प, थांबा, सर्रर्र, टक्. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाबा रागावणार असं मला वाटलं होतं. ते डोळे बारीक करून बघत राहिले.

"चुकतोयस," ते म्हणाले.

"काय?"

"पाय चुकतोय. त्यांचा डावा गुडघा आतल्या बाजूने गेलाय. म्हणून ते पावलाच्या बाहेरच्या कडेवर वजन टाकतात. तू सपाट टाकतोयस. पुन्हा चाल."

मी पुन्हा चाललो. बाबा जेवण सोडून उठले, उष्टा हात वर धरून माझ्यामागे वाकून चालायला लागले. "बाहेर. अजून बाहेर. हां. आता टेकायच्या आधी थांब. तो थांबा दुखण्याचा नाहीये, सवयीचा आहे." मग ते स्वतःशीच म्हणाले, "हा माणूस वर्षानुवर्षं पळता पळता डाव्या पायावर कच्चकन थांबून उजवीकडे वळलेला आहे. उगीच नाही गुडघा असा होत. खेळायचे की काय हे?"

आई म्हणाली, "लेक लंगडतोय, बाप मागनं लंगडतोय. आमटी गार झाली."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी घरांच्या मागच्या बोळात, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून, बाबांनी दुरुस्त केलेली ती चाल करून बघत होतो. वळलो तर चादरीआड हेब्डनभाऊ.  ते किती वेळ उभे होते देव जाणे.

"चांगलं करतुस की रं," ते म्हणाले. "माझ्या बायकोला पण जमत न्हवतं. पर हे म्हातारपणाचं हाय. ह्याच्या आधीचं येतंय का?"

"आधीचं म्हणजे?"

त्यांनी मला आत नेलं. त्यांच्या हॉलमध्ये मालिशच्या तेलाचा उग्र वास असायचा, आपल्या डोकेदुखीच्या बामाचा मोठा भाऊ. शेकोटीच्या वरच्या फळीवर एक फ्रेम होती. वर्तमानपत्रातला फोटो. भरलेलं मैदान, मागे टोप्याच टोप्या. मध्ये एक धिप्पाड माणूस चिखलात बसकण मारून बसलाय, तोंड उघडं, चुकीच्या दिशेला बघतोय. आणि फोटोच्या अगदी उजव्या कडेला एका बुटाची टाच.

"त्यो बसलाय त्यो त्यांचा फुलबॅक, सगळ्यात मागचा राखणदार," हेब्डनभाऊ म्हणाले. "आन ती टाच माझी."

विल्फ हेब्डन हे नाव गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं असतं तर मला आधीच कळलं असतं. आठवडाभर कोळशाच्या खाणीत, शनिवारी गावचा लेफ्ट विंगर. आंघोळ करून यायचे तरी कानामागे काळं राहायचं. त्यांची एक स्टेप होती. कडेकडेने पळत यायचं, समोरच्याला वाटायचं हा बाहेरनं जाणार, आणि मग मधेच थांबल्यासारखं करायचं. "थांबायचं न्हाई हां, थांबल्यागत. त्यो बी थांबतुया. माणूस माणसाचं बघून थांबतुयाच. तवर आपण डाव्या पायावरनं आत." त्या स्टेपवर गावाने कप जिंकला, त्या स्टेपवर त्यांचं लग्न ठरलं, आणि एका गोठलेल्या मैदानावर त्याच स्टेपमध्ये गुडघा गेला. क्लबने निरोपाचं घड्याळ दिलं. त्या काळात गावच्या मैदानावर फिल्म घेणारे कॅमेरे कुठले? फोटोवाल्याने दरवेळी बटण दाबलं की विल्फ फोटोच्या बाहेर. अख्ख्या आयुष्याची मिळून ही एक टाच.

"मी करून दावू शकत न्हाई," ते म्हणाले. "गुडघा वाकला तर लवकर सरळ हुत न्हाई आता. पर तू माझी चाल उचललीस न्हवं? त्यातलं दुखणं तेवढं काढून टाक. राहील ती माझी स्टेप."

मला आयुष्यात कुणी नक्कल करण्याबद्दल मारलंय, हसलंय, बक्षीससुद्धा दिलंय. नक्कल पुढे ने असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या बोळात कचऱ्याचे डबे फुलबॅक झाले, आईची नऊवारी टचलाइन, म्हणजे मैदानाची कडेची रेघ, झाली. हेब्डनभाऊ उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून ओरडायचे, "दुखतंय अजून! काढ की त्ये!" लंगडणं सोपं असतं, राव. लंगडं नसताना लंगडण्याच्या आतली लय तेवढी ठेवायची, हे करून बघा एकदा. माझी नात परवा स्वयंपाकघरात माझ्यामागून चालत होती. माझ्याही डाव्या गुडघ्यात आता लीड्सच्या हॉस्पिटलने बसवलेलं मेटल आहे. म्हणाली, "आजोबा, तुझी पाय खूप फनी आहे, बघ मी करतो." ही मुलगी स्वतःला 'करतो' म्हणते, मी दुरुस्त करत नाही. मी एवढंच म्हटलं, "बाहेरच्या कडेवर टाक गं वजन."

ट्रायलच्या दिवशी बाबा खरोखर बॅग घेऊन आले. टाय, ओव्हरकोट, आणि बॅगेत पट्ट्या, मोडलेल्या हाडाला बांधायच्या फळ्या, इंजेक्शन. ते टचलाइनला असे उभे राहिले की रेफरीने येऊन विचारलं, कुणी गेलं का. त्यांच्या शेजारी हेब्डनभाऊ आणि मागच्या पायऱ्यांवर त्यांच्या वयाचे सपाट टोप्यांचे म्हातारे, जे दुसरं काही काम नसल्याने पोरांची ट्रायलसुद्धा बघायला यायचे. आई घरी होती. तिने डबा दिला होता, हाफटाइमला संत्र्याच्या फोडी देतात हे तिला पटलं नव्हतं म्हणून मेथीचे पराठे.

पहिला हाफ मी हात वर करून उभा होतो. एकदा एकाचा घोटा धरून त्याच्यामागे फरफटत गेलो, चिखल नाकात गेला, आणि कोच म्हणाला, बरंय, बरंय. कोच म्हणजे लोखंडी कपाटाला मिशा. दुसऱ्या हाफला शेवटी बॉल आला. मी कडेकडेने सुटलो, समोर त्यांचा फुलबॅक, शाळेतलाच तो लाल केसवाला. आता! मी थांबल्यासारखं केलं, आणि नकलाकाराची जात आडवी आली हो! मी हेब्डनभाऊ इतके हुबेहूब केले की दुखणं पण आलं. चेहरा वाकडा, खांदा खाली, सर्रर्र. लाल केसवाल्याने मला उचलून असं आपटलं की आकाशात मला विटा दिसलं.

मैदान हसलं. टीममधला एकजण ओरडला, "व्हिन्स, हेडमास्तर कर आता!" मी उठलो. बाबा बॅग उघडत होते. मला वाटलं, झालं. आज घरी जाऊन या खेळाचं नाव काढायचं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, बाबांनी बॅग बंद केली, आणि त्या ओव्हरकोटातल्या, वॉर्डात कधी आवाज न चढवणाऱ्या माणसाने दोन्ही हात तोंडाशी धरून मैदान दणाणून सोडलं.

"वसंता! सपाट टाकतोयस! बाहेरच्या कडेवर टाक वजन! आणि तोंड सरळ ठेव, गाढवा!"

अख्ख्या यॉर्कशरमध्ये ते कळणारा मी एकटा होतो.

शेवट जवळ आला होता. आमचे पाच टॅकल झालेले, सहाव्याला बॉल जाणार, उजवीकडे सगळी गर्दी. स्टँड-ऑफने, म्हणजे मधून बॉल वाटणाऱ्या पोराने, डावीकडे बघितलं, दुसरं कुणी नव्हतंच, आणि फेकला. बॉल छातीत बसला. मी सुटलो! डाव्या बाजूला टचलाइनची पांढरी रेघ, कानात वारा, बुटाखाली पच् पच्, समोर तो. तो हसत होता, अजून मगाचीच मजा त्याच्या तोंडावर होती. मी त्याच्याकडे सरळ गेलो, बाहेर जातोय असं दाखवलं, आणि जिना ऐकला. खरंच सांगतो, भिंतीतून ऐकायचो तसा. धप्प. मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये लाल केसवाला थांबला. माणूस माणसाचं बघून थांबतोच. डाव्या पावलाची बाहेरची कड, जोर, आणि मी आत! त्याचा हात हवेत फिरला, तो बसकण मारून खाली, आणि समोर कुणी नाही, नुसतं हिरवं, नुसतं रिकामं, आणि मी ओरडतोय की लोक ओरडतायत तेच कळत नव्हतं. लाइनपलीकडे बॉल घेऊन मी पडलो तेव्हा पहिल्यांदा शब्द कळले. पायऱ्यांवरचे सगळे म्हातारे उभे राहून टोप्या फेकत होते, आणि ओरडत होते, "विल्फ! विल्फ!"

माझं नाव कुणीच घेत नव्हतं. आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी चिखलात तसाच पडून राहिलो. बाबा धावत आले, आधी गुडघा दाबून बघितला, मग मिठी मारली, मग पुन्हा गुडघा बघितला.

कोच आला. "मंगळवार आणि गुरुवार प्रॅक्टिस," तो म्हणाला. "उशीर चालणार नाही." मग बाबांकडे वळून, "तुम्ही मगाशी काय कोचिंग केलंत ते पण घेऊन या." बाबांनी त्याचा हात हातात घेतला तो सोडेनात.

लोक पांगले तरी हेब्डनभाऊ टचलाइनलाच उभे होते, टोपी हातात. मला वाटलं शाबासकी देतील. ते मी आत वळलो त्या जागेकडे बघत होते.

"अशी दिसत व्हती व्हय," ते म्हणाले. "साऱ्या गावानं बघितली. मी तेवढा राहिलो व्हतो."

बाबांना कळलं नाही, मी सांगितलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

हेब्डनभाऊ म्हणाले, "पुन्यांदा कर. एकदाच."

"पण समोर कोण? सगळे गेले."

बाबांनी बॅग खाली ठेवली. ओव्हरकोटाची बटणं लावली आणि मैदानात जाऊन लाइनसमोर पाय फाकवून उभे राहिले, हात पसरून, जसं कुणी कोंबडी पकडायला उभं राहतं. मी मागे गेलो, बॉल काखेत घेतला, आणि पळत सुटलो. धप्प. मग काहीच नाही. मग आत.

मागे पच्चकन आवाज आला. वळून बघितलं तर आमच्या हाडांच्या वॉर्डाचे डॉक्टर टायसकट चिखलात बसकण मारून बसले होते, तोंड उघडं, चुकीच्या दिशेला बघत. आणि टचलाइनवर विल्फ हेब्डन, एका हाताने गुडघा धरून, दुसऱ्या हाताने डोळे पुसत, इतक्या मोठ्याने हसत होते की रस्त्यावरून जाणारी बस थांबली.